चाळीस मिलिग्रॅम

कळवण हा कांद्याचा तालुका. गिरणेचं, पुनदचं आणि चणकापूर धरणाचं पाणी जिथवर पोचतं तिथवर उन्हाळ कांदा. पश्चिमेकडे डोंगराला लागून भात आणि नागली. कळवणच्या आणि अभोण्याच्या बाजारात कांद्याचा भाव पडला की शेतकऱ्याचं वर्ष पडतं. अशा वर्षी किराणा, पोराची फी आणि फवारणीची उधारी भागते ती गोठ्यातल्या दोन-तीन संकरित गायींवर. कांद्याचे पैसे भावाच्या मर्जीने येतात. डेअरीचं बिल दर दहा दिवसांनी येतं. दूध जोडधंदा म्हणून मोजलं जात असलं तरी घरात रोख खेळती ठेवणारा धंदा तोच आहे. हे बिल पुढे या प्रकरणात पुन्हा येणार आहे, कारण दुधातल्या औषधाचा प्रश्न शेवटी तिथेच येऊन अडतो.

दूध संकलन केंद्रावर सकाळी एकेक कॅन येतो, तेव्हा त्यातलं थोडं दूध एका वाटीत घेऊन यंत्राच्या नळीखाली धरलं जातं. मिनिटभरात आकडे उमटतात: फॅट, एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन पदार्थ), पाणी घातलं असेल तर तेही. गायीच्या दुधाचा दर साडेतीन फॅट आणि साडेआठ एसएनएफला बांधलेला असतो. खाली उतरलं की पॉइंटागणिक पैसे कापले जातात. पावतीवर लिटर, फॅट, एसएनएफ, दर, रक्कम एवढं सगळं छापून येतं. औषधाचा रकाना नसतो. काल संध्याकाळी जिच्या सडात अँटिबायोटिकची ट्यूब सोडली, त्या गायीचं आजचं दूध या यंत्रातून बिनबोभाट पास होऊ शकतं. यंत्राचा त्यात दोष नाही. ज्याचे पैसे द्यायचे तेवढंच मोजायला ते बनवलेलं आहे.

गायीला अँटिबायोटिक लागतं ते बहुतेक वेळा कासेच्या आजारामुळे. पुस्तकात कासदाह, इंग्रजीतून आलेला शब्द मस्टायटिस, आणि गोठ्यात सरळ दगडी. कास टणक आणि गरम होते, गाय हात लावू देत नाही, दुधात गाठी येतात, कधी पिवळट पाणी तर कधी रक्त. जंतू शिरतात सडाच्या तोंडातून. धार काढून झाल्यावर सडाचं तोंड लगेच मिटत नाही, अर्धा तास तरी ते सैल असतं. तेवढ्यात गाय ओल्या शेणात बसली की आतला रस्ता मोकळा. म्हणून जाणती माणसं धार संपली की गायीपुढे वैरण टाकतात. खाण्याच्या नादात ती उभी राहते. पावसाळ्यात गोठ्याची जमीन वाळतच नाही, तेव्हा दगडीच्या केसेस वाढतात. जास्त दूध देणाऱ्या होल्स्टीन किंवा जर्सी संकरित गायींना हा त्रास अधिक. डोंगराकडच्या काटक डांगी गायीला तो कमी, पण तिचं दूधही वासरापुरतंच.

उपचार दोन वाटांनी होतो. एक, सडाच्या छिद्रातून थेट कासेत ट्यूब सोडायची. दोन, मानेत किंवा शिरेत इंजेक्शन. सहसा दोन्ही, आणि तीन ते पाच दिवस. औषध कासेत गेलं की काही भाग तिथल्या जंतूंवर काम करतो, काही रक्तात शोषला जातो, आणि बराचसा पुढच्या धारांबरोबर बाहेर येतो. पहिल्या एक-दोन धारांत सर्वात जास्त, मग उतरत्या क्रमाने.

इथे एक समजूत पक्की बसलेली आहे. गायीला चार सड. ज्या सडात ट्यूब सोडली त्याचं दूध बाजूला काढायचं, उरलेल्या तिघांचं डेअरीला घालायचं. चार सडांचे कप्पे कासेत खरोखरच वेगळे असतात. एका कप्प्यातलं दूध दुसऱ्यात जात नाही. पण चारही कप्प्यांना रक्त एकच. आजारी कप्प्यातून रक्तात गेलेलं औषध त्याच रक्तातून उरलेल्या तिन्ही कप्प्यांत थोडं थोडं झिरपतं. इंजेक्शन दिलं असेल तर प्रश्नच नाही, ते चारही सडांत पोचतं. काही औषधं तर रक्तापेक्षा दुधात अधिक साठतात. रक्ताचा सामू 7.4 आणि दुधाचा 6.6 ते 6.7 म्हणजे दूध किंचित आम्लाकडे झुकलेलं. एरिथ्रोमायसिन, टायलोसिन ही सौम्य अल्कधर्मी औषधं रक्तातून दुधात येतात, तिथल्या आम्लतेमुळे विद्युतभारित होतात आणि परत जाऊ शकत नाहीत.

दुसरी समजूत शहरातली: दूध आम्ही उकळूनच घेतो. उकळण्याने जंतू मरतात, औषध नाही. डेअरीतलं पाश्चरायझेशन म्हणजे 72 अंशांना 15 सेकंद. त्याने पेनिसिलिनला किंवा टेट्रासायक्लिनला फारसा धक्का लागत नाही. घरच्या उकळीने थोडं कमी होईल, संपणार नाही. खव्यासाठी दूध आटवलं तर पाणी उडून जातं आणि न उडालेलं औषध कमी वजनात गोळा होतं. वणीच्या गडावर चैत्रात आणि नवरात्रात पेढ्यांची जी उलाढाल होते, तशा बाजाराला लागणारा खवा बनवणाऱ्यांनी तरी हे डोक्यात ठेवायला हवं.

किती औषध म्हणजे जास्त? पेनिसिलिनसाठी आंतरराष्ट्रीय कोडेक्स मानकाची मर्यादा आहे एका किलो दुधात 4 मायक्रोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे चार दशलक्षांश भाग. टेट्रासायक्लिन गटाला 100 मायक्रोग्रॅमची सूट आहे. आता दहा हजार लिटरचा टँकर घ्या. लिटरला 4 मायक्रोग्रॅम धरले तर पूर्ण टँकर मर्यादेला पोचवायला पेनिसिलिन लागतं फक्त 40 मिलिग्रॅम. गायीला देतात ती 40 लाख युनिटची पेनिसिलिनची बाटली म्हणजे सुमारे 2,400 मिलिग्रॅम. तिचा साठावा भाग दुधावाटे बाहेर आला, तर एका गायीने दहा हजार लिटर दूध काठावर आणून ठेवलं.

मर्यादा एवढी कडक का, तर पेनिसिलिनच्या ॲलर्जीमुळे. ज्याच्या शरीराला पेनिसिलिन चालत नाही त्याला फार थोडी मात्राही त्रास देऊ शकते. अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने 1990 मध्ये ठरवलं की माणसाच्या पोटात दिवसाला 30 मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त पेनिसिलिन अन्नातून जाऊ नये. चार मायक्रोग्रॅमच्या हिशेबाने दीड लिटर दूध प्यायलं तरी सहाच जातात. म्हणजे मर्यादेत चांगली मोकळीक ठेवलेली आहे. काठावरच्या दुधाचा कप पिऊन कोणी आजारी पडत नाही, आणि तसं भासवणाऱ्या बातम्यांवर विश्वास ठेवू नये. खरी काळजी वेगळी आहे. जंतू मरणार नाहीत पण औषधाशी ओळख होईल, अशा हलक्या मात्रेत औषध सगळीकडे फिरत राहिलं, तर टिकून राहतात ते त्या औषधाला दाद न देणारे जंतू. अलेक्झांडर फ्लेमिंगने डिसेंबर 1945 मध्ये नोबेल स्वीकारताना याच अपुऱ्या मात्रेचा इशारा दिला होता. तेव्हा पेनिसिलिनचा वापर सुरू होऊन जेमतेम काही वर्षं झाली होती.

दुधात औषध आहे हे पहिल्यांदा कळलं ते आरोग्य खात्याला नव्हे, चीज बनवणाऱ्यांना. 1940 च्या दशकात युरोप-अमेरिकेत गायींच्या कासेत पेनिसिलिन सोडायला सुरुवात झाली आणि चीजच्या कारखान्यांत हौदच्या हौद लागेनासे झाले. विरजणातले जिवाणू पेनिसिलिनपुढे फार नाजूक. त्यातही स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस, जो आपल्या दह्यातही असतो, तो सर्वात आधी हात टेकतो. दुधाच्या तपासणीचं सगळं शास्त्र या नुकसानीतून उभं राहिलं. आरोग्याचा मुद्दा मागाहून आला.

आपल्याकडे पेनिसिलिन स्वस्त झालं ते पिंपरीमुळे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने 1954 मध्ये तिथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली आणि 1955 मध्ये पेनिसिलिन तयार होऊ लागलं. पिंपरी-चिंचवडच्या कारखानदारीची सुरुवातच एका अर्थाने या बुरशीच्या औषधापासून आहे. त्या काळात अँटिबायोटिक ही जपून वापरायची, डॉक्टरच्या हातातली गोष्ट होती. पुढे संकरित गायी आल्या, दूध वाढलं, दगडी वाढली आणि तेच औषध तालुक्याच्या मेडिकलमध्ये गायीसाठी सहज मिळू लागलं.

आता तपासणीकडे येऊ. तिची सर्वात जुनी आणि अजूनही विश्वासाची पद्धत एका विचित्र जिवाणूवर उभी आहे: जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस. 1920 मध्ये डॉंक नावाच्या संशोधकाने त्याचं वर्णन केलं, ते डबाबंद मका नासवणारा जंतू म्हणून. डबे तापवूनही हा मरत नव्हता. इतर जंतूंना जिथे जगणं अशक्य, त्या 64 अंशांच्या उष्णतेत हा मजेत वाढतो. शिवाय पेनिसिलिन गटाला तो कमालीचा संवेदनशील आहे. नासाडीबद्दल बदनाम असलेला जंतू अशा रीतीने दुधाचा पहारेकरी झाला.

चाचणीची कुपी बोटाच्या पेराएवढी. तळाशी जेलीसारखा अगरचा थर, त्यात या जिवाणूचे बीजाणू, त्यांचं खाद्य आणि ब्रोमोक्रेसॉल पर्पल नावाचा जांभळा रंग. वर दुधाचा एक दशांश मिलिलिटर टाकायचा आणि कुपी 64 अंशांच्या ब्लॉकमध्ये अडीच-तीन तास ठेवायची. दूध स्वच्छ असेल तर बीजाणू जागे होतात, वाढतात, आम्ल तयार करतात आणि जांभळा थर पिवळा पडतो. औषध असेल तर जिवाणू वाढत नाही, थर जांभळाच राहतो. नेदरलँड्समधल्या डेल्फ्टच्या कंपनीने 1970 च्या दशकात आणलेली डेल्व्होटेस्ट याच तत्त्वाची. कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेनेही बीजाणूंवर आधारलेल्या चाचण्या विकसित केल्या आहेत.

या चाचणीची मला आवडणारी बाजू ही की औषधाचं नाव माहीत असण्याची गरज नाही. जिवाणूला जे मारतं ते सगळं दिसतं. अडचणही नेमकी तीच. व्यायल्यानंतरचा चीक, दगडीच्या गायीचं दूध यांत लायसोझाइम, लॅक्टोफेरिन अशी नैसर्गिक जंतुरोधक द्रव्यं भरपूर असतात. ती जिवाणूला अडवतात आणि औषध नसताना थर जांभळा राहतो. म्हणून शंका असेल तर नमुना आधी 80 अंशांवर दहा मिनिटं तापवतात. त्याने ही द्रव्यं निकामी होतात, औषध टिकतं. कोणी दूध टिकवायला हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा फॉर्मॅलिन घातलं असेल, तरीही थर जांभळाच. त्या बिचाऱ्या शेतकऱ्यावर अँटिबायोटिकचा ठपका ठेवला तर तो चुकीचा ठरेल, मात्र त्याला बिचारा म्हणणंही चुकीचंच. उलट बाजूने, एन्रोफ्लॉक्सॅसिनसारखी क्विनोलोन गटातली औषधं या जिवाणूला फारशी बाधत नाहीत. ती गायींना सर्रास दिली जातात आणि पिवळ्या थराखाली लपून निसटू शकतात.

नमुन्यात सापडलेलं औषध पेनिसिलिन गटातलंच आहे का, हे ओळखायची एक सुरेख युक्ती आहे. पेनिसिलिनला न जुमानणारे जंतू एक विकर बनवतात, पेनिसिलिनेज. ते औषधाचा रेणू फोडतं. नमुन्याच्या एका भागात हे विकर घालून चाचणी पुन्हा करायची. पहिला थर जांभळा आणि हा पिवळा झाला, तर औषध पेनिसिलिन गटातलं. या ज्ञानाचा दुरुपयोगही झाला. चीनमध्ये काही जण औषध असलेल्या दुधात हेच विकर मिसळून ते तपासणीतून पार करू लागले, आणि शेवटी तिथल्या सरकारला त्यावर बंदी घालावी लागली.

तीन तास प्रयोगशाळेला चालतात, दारात उभ्या टँकरला नाही. त्यासाठी पट्टी आली. अमेरिकेत स्टॅन्ली चार्म यांनी 1978 मध्ये पेनिसिलिनची पहिली झटपट चाचणी आणली, आणि पुढे त्याच कल्पनेतून आजच्या पट्ट्या निघाल्या. कल्पना समजायला पेनिसिलिन काम कसं करतं ते पाहावं लागतं. जिवाणू वाढताना आपल्याभोवती भिंत बांधत असतो, आणि त्या भिंतीच्या विटा जोडणारा गवंडी म्हणजे एक प्रथिन. पेनिसिलिनचा रेणू विटेसारखा दिसतो. गवंडी तो उचलतो आणि त्याचे हात त्यालाच चिकटून बसतात; भिंत अर्धवट राहते, जिवाणू फुटतो. चाचणी करणाऱ्यांनी हा गवंडीच काढून पट्टीत बसवला. दुधात पेनिसिलिन असेल तर त्याचे हात आधीच गुंततात आणि पट्टीवरच्या रेघेला पकडायला तो मोकळा राहत नाही. रंगीत कणांमुळे उमटणारी रेघ म्हणूनच फिकी पडते किंवा दिसत नाही.

घरोघरी झालेल्या करोनाच्या चाचण्यांनी आपल्याला रेघ दिसली की गडबड, असं शिकवलं आहे. दुधाच्या या पट्टीवर उलटं: चाचणीची रेघ गडद म्हणजे दूध चांगलं. वरची नियंत्रण रेघ दोन्हीकडे दिसायलाच हवी. ती नसेल तर पट्टीच खराब. नवीन माणूस केंद्रावर बसवला तर त्याला ही गोष्ट आधी सांगावी लागते. निकाल पाच-दहा मिनिटांत मिळतो. पेनिसिलिन, टेट्रासायक्लिन, सल्फा आणि क्विनोलोन अशा चार गटांच्या चार रेघा एकाच पट्टीवर असलेल्या चाचण्याही मिळतात. पण पट्टीवर जी रेघ नाही ते औषध पट्टीला दिसत नाही, आणि असलेल्या औषधाचं नेमकं प्रमाणही ती सांगत नाही. कोर्टात उभं राहील असं उत्तर हवं असेल तर द्रव वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापी जोडलेल्या यंत्रावर, प्रयोगशाळेतले लोक ज्याला एलसी-एमएस म्हणतात त्यावर जावं लागतं. ते रेणूंना वजनावरून ओळखतं आणि आकडा देतं. असं यंत्र तालुक्याला परवडणारं नाही.

घरी विरजण लावून पाहणं ही चाचणी आहे का? ओबडधोबड आहे. रोजच्या विरजणाने एका भांड्यात लागतं आणि शेजारच्या भांड्यात लागत नाही, तर शंका घ्यायला जागा आहे. मात्र कळवणच्या थंडीत दही तसंही उशिरा लागतं, आणि 4 मायक्रोग्रॅमच्या आसपास औषध असेल तर दही बहुधा लागेलच. दही लागलं म्हणून दूध निर्दोष, असं म्हणता येत नाही.

तपासायचं कसं हे अशा रीतीने बऱ्यापैकी सुटलेलं आहे. तपासायचं कुठे, हे नाही.

अमेरिकेत 1990 च्या दशकापासून प्रत्येक टँकर उतरण्याआधी पेनिसिलिन गटासाठी तपासणं बंधनकारक आहे. दूध उचलताना प्रत्येक गोठ्याचा नमुना वेगळा घेतात. टँकर बाधित निघाला तर तो ओतून देतात, नमुन्यांवरून गोठा शोधतात आणि पूर्ण टँकरची भरपाई त्या मालकाकडून घेतात. परिणाम असा की आता तिथे दहा हजार टँकरांत एखादाच बाधित सापडतो. पण तिथे एक टँकर दोन-चार गोठ्यांतच भरतो. कळवण, देवळा, दिंडोरीकडे एकेका घरचं दहा-बारा लिटर धरलं तर दहा हजार लिटरच्या टँकरमागे आठशे ते हजार घरं उभी असतात. केंद्रावर कॅन एकत्र ओतले जातात, मग शीतकरणाच्या टाकीत अनेक गावांचं दूध मिसळतं, मग टँकर नाशिकच्या दिशेने निघतो. पट्टी लागते ती बहुधा या साखळीच्या शेवटी. तिथे उत्तर मिळतं आणि माणूस हरवलेला असतो. सुरुवातीला, कॅन ओतण्याआधी, पट्टी लावावी म्हटलं तर ती एकदाच वापरायची वस्तू. दहा लिटर दुधामागे केंद्रचालकाला सुटणाऱ्या कमिशनमध्ये एक पट्टीही बसत नाही.

आणि मिसळण्याचा एक सोयीचा गुण आहे, तो बोलून दाखवला जात नाही. एका गायीचं बाधित दूध हजार घरांच्या दुधात गेलं की बरेचदा ते मर्यादेखाली उतरतं. टँकर पास होतो. कागदावर सगळं नीट. गोठ्यात मात्र शिकवण जाते की काल ट्यूब सोडली, आज दूध घातलं, काही झालं नाही.

कायद्याने याचं उत्तर गोठ्यातच ठेवलं आहे. जानेवारी 2012 मध्ये औषध व सौंदर्यप्रसाधन नियमांत दुरुस्ती होऊन जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर दूध किती दिवस वापरू नये ते छापणं सक्तीचं झालं. वेष्टनावर अवधी दिलेला नसेल तर दुधासाठी किमान सात दिवस पाळायचे. हा नियम चांगला आहे आणि तो मुंगीएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेला असतो. बाटली उघडून, सुईत भरून, रिकामी बाटली घेऊन जाणारा माणूस कधी सरकारी दवाखान्यातला पशुधन पर्यवेक्षक असतो, कधी खाजगी सेवादाता. सातव्या दिवशी दूध घालायचं की चौथ्या, हे ऐकायला मिळेलच याची खात्री नाही. ऐकलं तरी हिशेब समोर उभा राहतो. दहा लिटरची गाय आणि तीस रुपये दर धरू. उपचाराचे तीन दिवस आणि पुढचे सात, मिळून दहा. तीन हजार रुपये. त्या गायीचं एक अख्खं बिल गेलं, वर डॉक्टरचे आणि औषधाचे वेगळे. कांद्याला भाव नसलेल्या महिन्यात हा नियम पाळणाऱ्याला शेजारी वेड्यात काढतील.

म्हणून शेतकऱ्याला लबाड ठरवून मोकळं होणाऱ्यांशी माझं जमत नाही. फॅटचा एक पॉइंट कमी लागला तर त्याचे पैसे कापणारी व्यवस्था, खरं सांगून दूध मागे ठेवणाऱ्याला एक रुपया देत नाही. मग खरं कोण सांगेल?

देशभरातलं चित्र काय, याचा एक मोठा अंदाज अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने 2018 च्या मे ते ऑक्टोबरमध्ये घेतला. 1,103 शहरांतून 6,432 नमुने, कच्चं आणि पिशवीचं दोन्ही. अहवाल ऑक्टोबर 2019 मध्ये आला. मर्यादेपेक्षा जास्त अँटिबायोटिक सापडलं 77 नमुन्यांत, म्हणजे सुमारे 1.2 टक्के. ज्या भेसळीची सर्वात जास्त ओरड होते, ती सापडली फक्त 12 नमुन्यांत. बुरशी लागलेल्या खाद्यातून येणारं अफ्लाटॉक्सिन 368 नमुन्यांत मर्यादेबाहेर होतं, आणि त्यावर आपण जवळजवळ बोलतच नाही. हा अहवाल घाबरवणारा नाही. पण त्यातली शहरं पन्नास हजारांवर लोकवस्तीची होती. कळवणसारखी नगरपंचायतीची गावं, जिथे कच्च्या दुधाचा रतीब गोठ्यातून थेट घरात जातो आणि मधे मिसळण्याची टाकी नसते, ती त्यात येत नाहीत. ज्याच्या घरी एकाच गायीचं दूध येतं, त्याच्यासाठी टँकरचं सरासरीचं गणित उपयोगाचं नाही. त्या गायीला ट्यूब सोडली असेल तर सगळं औषध त्याच्याच पातेल्यात. रतीबवाल्याला दर महिन्याला पैसे देताना, गाय आजारी पडली तर सांग, त्या दिवसांचे पैसे मी कापणार नाही, एवढं म्हटलं तर ते कुठल्याही पट्टीपेक्षा जास्त उपयोगाचं ठरेल.

औषधाची गरजच कमी करणं हा दुसरा रस्ता. राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने दगडीवर कोरफड, हळद आणि चुन्याचा लेप गावोगावी शिकवला: 250 ग्रॅम कोरफड, 50 ग्रॅम हळद, 15 ग्रॅम चुना, वाटून कासेला बाहेरून लावायचा. सौम्य आजारात, सुरुवातीलाच लावला तर अनेक गोठ्यांत ट्यूबची पाळी येत नाही असा मंडळाचा अनुभव आहे. गायीला ताप आला असेल, तिने खाणं सोडलं असेल, तर लेपावर दिवस काढणं हा तिच्यावर अन्याय. तेव्हा डॉक्टरच हवा आणि औषधही पूर्ण मात्रेत. आटवलेल्या गायीला सोडायच्या ट्यूबचं औषध मुद्दाम कासेत आठवडेच्या आठवडे टिकेल असं बनवलेलं असतं. गाय अंदाजापेक्षा आधी व्यायली तर चीक संपल्यानंतरच्या दुधातही ते सापडू शकतं, म्हणून ट्यूबची तारीख लिहून ठेवलेली बरी. उपचार चाललेल्या गायीच्या पायाला रंगीत पट्टा बांधावा आणि तिची धार सगळ्यात शेवटी काढावी. नाहीतर मशीनच्या नळीत किंवा बादलीत उरलेलं तिचं दूध पुढच्या गायीच्या दुधात जातं. मागे ठेवलेलं दूध वासराला पाजून संपवण्याचा मोह सगळ्यांना होतो. त्यातून वासराच्या पोटात औषधाला न जुमानणारे जंतू वाढतात आणि तेच शेणातून गोठ्यात पसरतात.

हे सगळं शेतकऱ्याने करावं. डेअरीने काय करावं, याचाही हिशेब मांडता येतो. प्रत्येक कॅनचा छोटा नमुना टँकर पास होईपर्यंत फ्रिजमध्ये राहिला, तर हजार घरांतून एक घर शोधणं शक्य होतं. पण शोधून दंड करण्याआधी दुसरी गोष्ट करून पाहण्यासारखी आहे. जो शेतकरी डॉक्टरची चिठ्ठी दाखवून आपल्या गायीचं दूध स्वतःहून मागे ठेवतो, त्याला त्या दहा दिवसांचे निम्मे पैसे द्यायचे: दीड हजार रुपये. तीस रुपयांच्या दराने दहा हजार लिटरचा एक टँकर म्हणजे तीन लाखांचं दूध. असा एकच टँकर ओतण्यापासून वाचला, तर त्यात दोनशे गायींचे दीड-दीड हजार निघतात. कळवणसारख्या तालुक्यात दोनशे गायींना दगडी व्हायला किती दिवस लागतात, ते तिथल्या पशुवैद्यकीय दवाखान्यांच्या केसपेपरांवरून मोजता येईल.